मान पुढे की मागे? घोळणा, ठसका, भोवळ, गोळा आणि उसण यांवरचे बसण्या-झोपण्याचे उपाय योग्य क्रमाने

घरात कुणाच्या नाकातून रक्त येऊ लागले की पहिली सूचना येते, "मान वर कर." ठसका लागला की, "वर बघ." लग्नाच्या मांडवात भोवळ येऊन कुणी खाली बसले की चार जण त्याला काखेत हात घालून उचलतात आणि खुर्चीवर ताठ बसवतात. तिन्ही ठिकाणी मदत मनापासून केलेली असते आणि तिन्ही ठिकाणी दिशा चुकलेली असते. शरीराची स्थिती बदलून किंवा ठरावीक हालचाल करून आराम मिळवण्याचे जे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांतले बरेच उपयोगी आहेत. मात्र मान पुढे घ्यायची की मागे, पाय वर ठेवायचे की खाली, झटका द्यायचा की सावकाश ताण, आणि हे सगळे दोन मिनिटे करायचे की दहा, यात चूक झाली तर तोच उपाय निरुपयोगी ठरतो आणि काही वेळा अपायही करतो. म्हणून खाली प्रत्येक उपाय क्रमवार दिला आहे आणि लोक नेमके कुठे चुकतात तेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पूर्वतयारी: हात लावण्याआधी

१. माणसाशी बोला. "काय होतंय?" या प्रश्नाला त्याने शब्दांत उत्तर दिले तर त्याचा श्वास आणि शुद्ध दोन्ही चालू आहेत, हे दोन सेकंदांत कळते. उत्तर आले नाही तर छाती वर-खाली होते आहे का ते पाहा.

२. माणूस शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर या लेखातला कोणताही घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, फोन लाउडस्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मध्यभागी जोराने व भराभर दाब देणे सुरू करा.

३. पडल्यामुळे किंवा गाडीच्या अपघातात मार लागला असेल, तर मान आणि पाठ हलवू नका. स्थिती बदलण्याचे सगळे उपाय अशा माणसासाठी वर्ज्य आहेत.

४. समोर घड्याळ ठेवा. ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण खालच्या उपायांपैकी निम्मे उपाय "केले, पण उपयोग झाला नाही" असे लोक सांगतात, तेव्हा बहुधा ते अर्ध्यातच सोडलेले असतात. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे दहा मिनिटांसारखी वाटतात.

५. गर्दी मागे हटवा आणि सूचना देणारा माणूस एकच ठेवा.

१. घोळणा फुटणे

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, मुलांचा घोळणा फुटणे नेहमीचे आहे. हे रक्त बहुतेक वेळा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या, मऊ भागातून येते. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे त्वचेच्या अगदी जवळ असते आणि कोरडेपणाने किंवा नखाने ते फुटते. म्हणजे रक्त येण्याची जागा बोटांच्या चिमटीत सापडणारी आहे, आणि सगळा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे.

१. माणसाला खुर्चीवर किंवा पाटावर ताठ बसवा. आडवे करू नका, कारण आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो.

२. मान किंचित पुढे झुकवा, म्हणजे हनुवटी छातीकडे येईल आणि रक्त पुढे, नाकातून व तोंडातून बाहेर पडेल. समोर तसराळे किंवा टॉवेल धरा.

३. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग, म्हणजे हाड संपते त्याच्या खालचा भाग, दोन्ही नाकपुड्या बंद होतील इतका घट्ट धरा. इथेच सर्वांत मोठी चूक होते. चष्म्याची दांडी टेकते तिथले हाड बहुतेकजण दाबून धरतात. हाड दाबल्याने खालच्या रक्तवाहिन्यांवर काहीही दाब येत नाही. बोटे वरून खाली सरकवा, हाडाचा कडकपणा संपून बोटाखाली लवचीक भाग लागला की तिथे थांबा.

४. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. घशात आलेले रक्त गिळू न देता थुंकायला लावा.

५. पूर्ण दहा मिनिटे चिमूट सोडू नका. "थांबलं का बघू" म्हणून मध्येच बोटे काढली की तयार होत आलेली गाठ निघते आणि दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

६. दहा मिनिटांनंतर हळूच सोडा. रक्त चालूच असेल तर आणखी दहा मिनिटे तसेच धरा.

*तपासणी:* दुसऱ्या दहा मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, रक्त घशातून मागे जात राहिले, डोक्याला मार लागल्यानंतर ते सुरू झाले असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रुग्णालयात जा. जातानाही मान पुढे आणि चिमूट तशीच ठेवा.

मान मागे टाकल्यावर रक्त दिसेनासे होते, म्हणून ते थांबले असे वाटते. प्रत्यक्षात ते घशातून पोटात उतरत असते. थोड्या वेळाने मूल काळसर रक्ताची उलटी करते आणि घरातले आणखी घाबरतात. लहान मुलाच्या बाबतीत ते रक्त श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. डोक्यावर गार पाणी ओतणे किंवा कांदा फोडून हुंगवणे याने फारसे बिघडत नाही, पण ते करताना चिमूट सुटते आणि मान मागे जाते, हे मात्र बिघडते. थांबल्यानंतर त्या दिवशी नाक शिंकरू नये, नाकात बोट घालू नये, वाकून जड वस्तू उचलू नये आणि चहा कोमट करून प्यावा.

२. ठसका लागणे आणि घास अडकणे

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिले काम त्या ओळखण्याचे आहे. ठसका लागलेला माणूस खोकतो, त्याच्या खोकल्याचा आवाज येतो, डोळ्यांत पाणी येते, पण तो अधूनमधून बोलू शकतो. घास अडकलेल्या माणसाचा आवाज बंद होतो. तो तोंड उघडतो, गळ्याशी हात नेतो, खोकण्याचा प्रयत्न करतो, पण आवाज निघत नाही. ही शांतताच खरी धोक्याची खूण आहे.

*आवाज येत असेल तर:*

१. पुढे वाकवा आणि खोकू द्या. जोरदार खोकल्यासारखा दुसरा उपाय नाही, म्हणून त्यात अडथळा आणू नका.

२. पाणी लगेच पाजू नका. खोकला थांबून श्वास सुरळीत झाल्यावर घोटभर द्या.

३. "वर बघ" म्हणून मान मागे करू नका आणि टाळूवर थापट्या मारू नका. कुणीतरी आठवण काढली म्हणून ठसका लागतो, ही समजूत गोड आहे, तिला कुणाचा आक्षेप नाही. पण मान वर गेली की तोंडातला उरलेला घास मागे घसरतो.

*आवाज बंद असेल तर:*

१. माणसाच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. एक हात त्याच्या छातीवर आधाराला ठेवा आणि त्याला कमरेतून चांगले पुढे वाकवा. सरळ उभ्या माणसाच्या पाठीत मारल्यास घास आणखी खाली जाऊ शकतो, त्यामुळे वाकवल्याशिवाय पहिला धपका मारू नका.

२. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध ५ जोरदार धपके मारा. प्रत्येक धपक्यानंतर घास निघाला का ते पाहा.

३. निघाला नाही तर मागे उभे राहून दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घ्या. एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या बरीच खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती पकडा आणि आत व वरच्या दिशेने ५ झटके द्या.

४. घास निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत ५ धपके आणि ५ झटके आलटून पालटून चालू ठेवा. दरम्यान दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

५. माणूस बेशुद्ध झाला तर जमिनीवर उताणा झोपवून छातीवर दाब देणे सुरू करा. दिसत नसलेला घास काढण्यासाठी तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. तो आणखी आत ढकलला जातो.

*इशारा:* एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर झटके कधीही देऊ नका. बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके धडापेक्षा खाली आणि जबडा आपल्या बोटांच्या आधारावर ठेवा, पाठीवर ५ धपके द्या. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ वेळा दाबा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि फार स्थूल माणसाच्या बाबतीतही पोटाऐवजी छातीच्या मध्यावर झटके द्यावेत.

एकटे असताना घास अडकला तर खुर्चीच्या पाठीच्या कडेवर किंवा ओट्याच्या कडेवर बेंबीच्या वरचा भाग टेकवून स्वतःचे वजन झटक्याने खाली टाकावे. पोटावर झटके दिल्यानंतर घास निघाला आणि माणूस हसायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावे, कारण आतल्या अवयवांना इजा झालेली असू शकते.

३. भोवळ येणे

रांगेत बराच वेळ उभे राहिल्याने, उपवासात, उकाड्यात किंवा रक्त पाहिल्याने येणारी भोवळ ही मेंदूकडे जाणारे रक्त काही क्षण कमी पडल्यामुळे येते. माणूस खाली पडतो तेव्हा शरीर स्वतःच उपाय करत असते, कारण आडवे झाले की डोके आणि हृदय एका पातळीवर येते. त्याला उचलून खुर्चीवर बसवणे म्हणजे तो उपाय मोडून काढणे.

*भोवळ येणार असे वाटत असताना:* डोळ्यांपुढे अंधारी, गार घाम, कानांत गुणगुण आणि मळमळ ही पूर्वसूचना असते. तेव्हा लगेच खाली बसावे किंवा आडवे व्हावे. जागाच नसेल, म्हणजे देवळाच्या रांगेत किंवा लोकलमध्ये असाल, तर उभ्यानेच एक पाय दुसऱ्यावर आडवा घालून मांड्या व कुल्ले घट्ट आवळावेत आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढावीत. स्नायू आवळले की पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते आणि बसायला जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो.

*भोवळ आल्यानंतर:*

१. जिथे आहे तिथेच उताणे झोपवा. डोक्याखालची उशी काढा.

२. टाचा साधारण एक फूट उंच राहतील असे पाय पिशवीवर, पाटावर किंवा कुणाच्या मांडीवर ठेवा. सरळ पायांखाली आधार द्या. पाय धरून वर ओढू नका.

३. गळ्याचे बटण, कमरेचा पट्टा, साडीची घट्ट नाडी सैल करा.

४. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी, साखर किंवा सरबत काहीही घालू नका.

५. शुद्ध आल्यावरही निदान दहा मिनिटे आडवे ठेवा. मग आधी कुशीवर, मग बसते, मग पाय खाली सोडून काही मिनिटे, आणि शेवटी आधार देऊन उभे, या क्रमाने उठवा. दुसऱ्यांदा पडणारी माणसे बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीची घाई केल्यामुळे पडतात, आणि दुसऱ्या वेळी डोके आपटते.

*इशारा:* गर्भवतीला शेवटच्या महिन्यांत उताणे ठेवू नका. डाव्या कुशीवर झोपवा. धाप लागलेल्या माणसाला आडवे केल्यास श्वास अधिक कोंडतो, त्याला टेकून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

*तपासणी:* मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, व्यायाम करताना भोवळ आली असेल, बोलणे अडखळत असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर थेट १०८. हातपाय झटकत असतील तर ती आकडी असू शकते. तेव्हा हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, झटके थांबताच कुशीवर वळवा, आणि झटके पाच मिनिटांहून अधिक चालले तर रुग्णवाहिका बोलवा.

४. पायात गोळा येणे

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, काही भागांत याला वांब येणे म्हणतात. आळस देताना पाऊल पुढे ताणले गेले की पोटरीचा आधीच आखडलेला स्नायू पूर्ण आवळतो. म्हणून पाऊल ताणायचे ते उलट दिशेने.

१. गुडघा सरळ करा. गुडघा वाकलेला राहिला तर पोटरीला पुरेसा ताण मिळत नाही.

२. पायाची बोटे धरून चवडा सावकाश नडगीकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर ओढणी किंवा टॉवेल चवड्याखालून घालून दोन्ही टोके ओढा.

३. गोळा सुटायला लागेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, ताण स्थिर ठेवा. हिसका देऊ नका. हिसक्याने स्नायू आणखी आवळतो.

४. उठता येत असेल तर उभे राहून टाच जमिनीवर दाबा आणि त्या पायावर वजन टाका.

५. गोळा सुटल्यावर पोटरी वरच्या दिशेने चोळा आणि खोलीत चार फेऱ्या मारा.

वारंवार त्रास होणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, टाचा न उचलता, तळहात भिंतीला लावून पुढे झुकण्याचा ताण दोन-तीन वेळा द्यावा. जड गोधडी पायाशी घट्ट खोचू नये, कारण तिच्या वजनाने पाऊल रात्रभर पुढे झुकलेले राहते.

*इशारा:* एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल आणि दुखणे तासन्‌तास तसेच राहिले असेल, विशेषतः शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती चोळू नका आणि ताणूही नका. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

५. उसण भरणे

बादली उचलताना किंवा नुसते शिंकताना कमरेत चमक निघते आणि माणूस वाकलेल्या अवस्थेतच अडकतो. आपल्याकडे यावर पायाळू माणूस शोधण्याची पद्धत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असे मानतात. या उपायावर श्रद्धा असणाऱ्यांना माझे आग्रहाने एवढेच सांगणे आहे की पाय नुसता टेकवावा. लाथ मारू नये, पाठीवर चढू नये आणि मुलाला पाठीवर चालवू नये. साधी उसण काही दिवसांत आपोआप कमी होत जाते, म्हणून उपायाचे श्रेय बहुतेक वेळा दिवसांना जाते. पण हाडे ठिसूळ झालेल्या आजीच्या मणक्यावर पडलेली लाथ मात्र कायमचे दुखणे देऊ शकते. कंबर पिळून "कट" आवाज काढण्याचा प्रकारही याच कारणासाठी टाळावा.

*आधी तपासणी:* लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागेला बधिरपणा येणे, पायातली शक्ती जाणे, ताप, पडल्यानंतरचे दुखणे किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास, यांपैकी एकही गोष्ट असेल तर पुढचे काहीही न करता रुग्णालय गाठा.

१. जमिनीवर सतरंजी घालून उताणे झोपा आणि पोटऱ्या खुर्चीच्या किंवा दिवाणाच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे कमरेत आणि गुडघ्यात काटकोन होईल. या स्थितीत कमरेच्या स्नायूंवरचा भार सर्वांत कमी होतो. दहा ते पंधरा मिनिटे तसेच पडून सावकाश श्वास घ्या.

२. आराम वाटल्यावर एक गुडघा हातांनी छातीकडे आणा, काही सेकंद धरा, सोडा, मग दुसरा. कळ पायात उतरू लागली तर तिथेच थांबा.

३. उठताना कुशीवर वळून उठा. उसण भरलेली माणसे दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा कळवळतात, त्याचे मुख्य कारण त्यांची उठण्याची रीत असते. दोन्ही गुडघे वाकवा. खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटावा तसे, कुशीवर न्या. पाय पलंगाखाली सोडा. आणि पाय खाली जात असतानाच खालचे कोपर व वरचा तळहात दाबून धड उचला. पोटाच्या जोरावर सरळ उठून बसू नका. जमिनीवरून उठताना कुशीवरून आधी रांगत्या स्थितीत या, मग खुर्ची धरून एक पाय पुढे घ्या.

४. त्याच दिवसापासून घरातल्या घरात चालायला लागा, सुरुवातीला पाच-पाच मिनिटे. दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला खिळून राहिल्यास स्नायू आखडतात आणि बरे व्हायला उशीर लागतो.

५. रात्री कुशीवर झोपत असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उताणे झोपत असाल तर ती गुडघ्यांखाली ठेवा.

६. उचकी

खुर्चीवर बसून गुडघे छातीशी घ्यावेत, पुढे झुकावे आणि मिनिट-दोन मिनिटे तसेच राहावे. बरोबरीने खोल श्वास घेऊन दहा-पंधरा सेकंद रोखला तर श्वासपटलाचा आचका बहुधा मोडतो. मागून धपका मारून दचकवणे टाळावे, विशेषतः तोंडात घास असताना. उचकी दोन दिवसांहून अधिक राहिली तर कारण शोधावे लागते आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

७. जेवणानंतर: आधी शतपावली, मग वामकुक्षी

या दोन्ही सवयी चांगल्या आहेत, पण लोक त्यांचा क्रम, बाजू आणि वेळ तिन्ही चुकवतात.

१. जेवण संपताच आडवे होऊ नका. वज्रासनात बसता येत असेल तर पाच मिनिटे बसा. गुडघेदुखी असेल किंवा गुडघा बदललेला असेल तर खुर्चीवर ताठ बसणे पुरे.

२. मग दहा-पंधरा मिनिटे संथ चाला. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, म्हणून मधुमेहींनी हे चुकवू नये. शतपावली म्हणजे भरल्या पोटी घाम गाळणारी चाल नव्हे. चालता चालता सहज बोलता आले पाहिजे.

३. त्यानंतर पडायचे असेल तर डाव्या कुशीवर पडा. जठराचा मोठा भाग डावीकडे असल्याने या कुशीवर अन्न आणि आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर राहते. उजव्या कुशीवर ते तोंडाशी येते आणि घशाशी जळजळते.

४. वीस मिनिटांत उठा. दोन तासांची झोप ही वामकुक्षी राहत नाही.

रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. पित्त वर येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे ठेवून पूर्ण पलंगाला उतार द्या. उशांवर उशा रचल्याने फक्त मान वाकते, पोट चेपले जाते आणि जळजळ वाढते.

*इशारा:* छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम सुटला असेल, तर ते पित्त समजून कुशी बदलत बसू नका. १०८ ला फोन करा.

८. तान्ह्या बाळाच्या पोटातला वारा

१. दूध पाजल्यावर बाळाला उभे धरून खांद्यावर घ्या आणि पाठ खालून वर हलक्या हाताने चोळा. मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यामागे आपला तळहात सतत असला पाहिजे.

२. ढेकर आला नाही तर मांडीवर बसवा, किंचित पुढे झुकवा आणि हनुवटीला बोटांचा आधार द्या. आधार जबड्याच्या हाडाला हवा, गळ्याला नको.

३. पाय सायकलसारखे फिरवणे आणि गुडघे पोटाशी हलके दाबणे हे उपयोगी आहे, पण दूध पाजल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर सगळे दूध बाहेर येते.

४. न्हाऊ घालताना बाळाला पाय धरून उलटे टांगण्याची, झोके देण्याची किंवा हातपाय खेचण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती पूर्णपणे बंद करावी. मान न धरलेल्या बाळाला त्यात इजा होऊ शकते आणि पोटातल्या वाऱ्याला त्याचा काहीही उपयोग नाही.

५. पालथे घातल्यावर बाळाला आराम पडतो, हे खरे आहे; तसे ते जागे असताना आणि आपण समोर बसलेले असतानाच घालावे. झोप लागताच उताणे करावे, कारण पालथ्या झोपेत अचानक श्वास थांबण्याचा धोका वाढतो.

*तपासणी:* हिरवट उलटी, ताठ झालेले पोट, शौचात रक्त, दूध ओढणे बंद होणे, किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप, यांपैकी काहीही दिसले तर पाय फिरवत वेळ घालवू नका. रात्र असली तरी त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.